अर्बुदशोधन, प्रतिपिंडे आणि प्रतिमांकन : एक समीक्षण

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि पेनिसिलीनच्या उत्पादनाबरोबर 'प्रतिजैविक' ही कल्पना या परिसरातील सामान्य माणसाच्याही परिचयाची झाली. 'प्रतिपिंड' या शब्दाचे भाग्य निराळे. तो दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतच राहिला आणि २०२० सालच्या साथीत 'अँटिबॉडी' या परकीय रूपाने एकदम घरोघरी पोहोचला. उत्तरपत्रिकांत या दोहोंची गल्लत अजूनही आढळते. एक म्हणजे बुरशीसारख्या जीवाने निर्माण केलेले, जंतूंना मारक असे द्रव्य. दुसरे म्हणजे आपल्याच लसीका पेशींनी घडविलेले, परक्या रचनेस ओळखून तिला चिकटणारे प्रथिन. ही गल्लत विद्यार्थ्यांची म्हणून क्षम्य मानता येईल. परंतु अर्बुदशोधनाविषयीच्या शास्त्रीय वाङ्मयात 'प्रतिपिंड' या एकाच शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी वावरत असतात, आणि तेथील गल्लत इतकी निरुपद्रवी नाही.

हा विषय येथे घेण्यास एक निमित्त घडले. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांच्या वार्षिक वैद्यकीय तपासण्या होतात, आणि त्यांच्या जोडीस स्वेच्छेने पैसे भरून करून घ्यावयाच्या चाचण्यांत 'कॅन्सर मार्कर' या नावाचा एक रकाना असतो. आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या थोरल्या भावाचा असा एक अहवाल आणून दाखविला. भाऊ चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी नोकरीवर, वय अडतीस, विडीचे व्यसन जुने. अहवालात सीईए या द्रव्याचे प्रमाण मर्यादेहून किंचित अधिक होते. पुढे छेदचित्रण झाले, दुर्बिणीने आतड्याची पाहणी झाली, मधल्या काळात कित्येक दिवसांचा रोज बुडाला आणि अखेरीस काहीही निघाले नाही. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए किंचित वाढलेले असते ही गोष्ट जुनी व सर्वज्ञात आहे. अहवालावर मात्र ती कोठेही छापलेली नव्हती. "सर, मग चाचणी खोटी होती का?" असे त्या विद्यार्थ्याने विचारले. चाचणी खोटी नव्हती. जो प्रश्न तिला विचारला गेला तो विचारण्याजोगा नव्हता. या दोन विधानांतील अंतर हाच प्रस्तुत समीक्षणाचा विषय होय.

प्रथम शब्दाचा निवाडा करू. नैसर्गिक प्रतिपिंडे म्हणजे कोणताही संसर्ग अथवा लस यांनी हेतुपूर्वक चेतविल्यावाचून रक्तात आढळणारी प्रतिपिंडे. ती बहुतांशी आयजीएम वर्गाची असतात, आणि शर्करांच्या रचना ओळखण्याकडे त्यांचा कल असतो. लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधले ते याच प्रतिपिंडांच्या आधारे. आपल्या प्रांताशी तर त्यांचे विशेष नाते आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी, इंग्लंडमधील संशोधकांच्या सहकार्याने, 'लॅन्सेट'मध्ये ज्या रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जो आज 'बाँबे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला जातो, त्याचे मर्म नैसर्गिक प्रतिपिंडांतच आहे. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच ही रचना नसते. म्हणून त्यांच्या रक्तजलात एचविरोधी प्रतिपिंडे स्वभावतःच असतात, आणि ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. नैसर्गिक प्रतिपिंड हे दुर्बल, केवळ पुस्तकी प्रकरण आहे असे मानणाऱ्याने हे उदाहरण जरूर आठवावे.

अर्बुदाशी त्यांचा संबंध जोडला गेला तो अशाच एका शर्करारचनेमुळे. टॉमसेन-फ्रीडनराइख प्रतिजन, संक्षेपाने टी, हा निरोगी पेशींवर इतर शर्करांखाली झाकलेला असतो, आणि अनेक कर्करोगांत तो उघडा पडतो. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे तर प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात असतात. आतड्यातील जंतूंच्या पृष्ठभागावर तत्सम रचना असल्यामुळे ती उद्भवतात. अमेरिकेतील गेऑर्ग स्प्रिंगर यांनी आयुष्याचा मोठा भाग या एका प्रतिजनास वाहिला आणि १९८४ साली 'सायन्स'मध्ये टी व टीएन यांस कर्करोगाचे सर्वसाधारण प्रतिजन म्हणून मांडले. (आपल्या फणसाच्या आठळीत जॅकलिन नावाचे एक प्रथिन असते, तेही हीच टी रचना ओळखते. ओळखण्याची कला ही प्रतिपिंडांची मिरासदारी नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.) कल्पना मोहक आहे. शरीरात पहारेकरी आधीच आहेत. त्यांनी काय पाहिले एवढेच विचारावयाचे. अडचण अशी की, पहारेकरी प्रत्येकाकडे असल्यामुळे त्यांचे केवळ अस्तित्व काहीच सांगत नाही. सांगतो तो त्यांच्या प्रमाणातील बदल. आणि तो बदल कोणत्या दिशेने व्हावा? अर्बुदाने चेतविल्यामुळे प्रमाण वाढावे, की अर्बुदाने शोषून घेतल्यामुळे घटावे? दोन्ही शक्य आहेत. त्यातच वय, आहार, आतड्यातील जंतुसृष्टी आणि जुने संसर्ग यांनुसार निरोगी माणसांतही हे प्रमाण कमीअधिक होते. ज्या मोजमापाची दिशाच पूर्वी सांगता येत नाही ते निदानाचे साधन म्हणून फार काळ टिकत नाही, असे आमचे मत आहे.

दुसरा अर्थ स्वप्रतिपिंडांचा. ही जन्मजात नव्हेत. अर्बुदातील एखादे प्रथिन विकृत रूपात वा अतिरिक्त प्रमाणात निर्माण झाले म्हणजे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडविते. १९८२ साली क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी स्तनकर्करोगाच्या काही रुग्णांच्या रक्तजलात पी-५३ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दाखविली, ती या शाखेची सुरुवात होय. येथे युक्तिवाद अधिक भक्कम आहे. इवल्याशा अर्बुदातून रक्तात उतरणारे प्रथिन मोजता येण्याजोगे नसेल, पण त्यास मिळालेला प्रतिसाद लसीका पेशींनी कित्येक पटींनी वाढविलेला असतो. शिवाय प्रतिपिंड रक्तात दिवसच्या दिवस टिकते.

तिसरा अर्थ माणसाने घडविलेल्या प्रतिपिंडाचा. १९७५ साली क्योलर आणि मिलस्टीन यांनी एकाच पेशीवंशापासून एकजिनसी प्रतिपिंड मिळविण्याची रीत दिली, तेव्हापासून हे तृतीय प्रकरण सर्वांत समृद्ध झाले. पहिल्या दोन प्रकारांत प्रतिपिंड हे साक्षीदार असते, तिसऱ्यात ते आपण पाठविलेला शोधक असते. या दोन भूमिकांची गुणदोषपरीक्षा एकाच मापाने करणे चुकीचे आहे. तथापि 'नैसर्गिक प्रतिपिंडांनी अर्बुदाचे प्रतिमांकन' अशा शीर्षकाखाली या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या गेल्याचे वारंवार दृष्टीस पडते.

प्रतिमांकनाच्या बाबतीत नैसर्गिक प्रतिपिंडे आहेत त्या रूपात फारशी उपयोगी नाहीत, हे भौतिक कारणांनीच स्पष्ट होते. आयजीएम हा पाच घटकांचा प्रचंड रेणू; त्याचे वजन नऊ लाख डाल्टनच्या घरात. रक्तवाहिनीबाहेर पडून अर्बुदाच्या गाभ्यात शिरणे त्यास दुष्कर असते. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे फॉलमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्याच लसीका पेशींपासून अर्बुदास चिकटणारी मानवी आयजीएम प्रतिपिंडे वेगळी केली, हे काम महत्त्वाचे आहे. पण काचपट्टीवरील ऊतीच्या कापास चिकटणे आणि जिवंत देहात, वाहत्या रक्तातून, अर्बुदापर्यंत जाऊन तेथे उठून दिसण्याइतके साचणे, या दोहोंत बरेच अंतर आहे.

घडविलेल्या प्रतिपिंडांचा प्रतिमांकनातील इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले प्रतिपिंड प्राण्यांतील अर्बुदात साचते हे प्रेसमन व कोर्नगोल्ड यांनी १९५३ सालीच दाखविले होते. १९७८ साली गोल्डनबर्ग यांनी सीईएविरोधी प्रतिपिंडाने माणसांतील अर्बुदांची चित्रे घेतली. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशी काही द्रव्ये अधिकृतरीत्या मान्यही झाली; पुढे त्यांतील बहुतेक मागे पडली. पूर्ण आकाराचे आयजीजी रक्तात कित्येक दिवस फिरत राहते, म्हणून पार्श्वभूमी उजळ राहते. ती ओसरेपर्यंत थांबावे तर टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे. झिर्कोनियम-८९सारखे सुमारे ७८ तासांच्या अर्धायुष्याचे समस्थानिक वापरावे तर रुग्णास किरणांची मात्रा अधिक पोहोचते. प्रतिपिंडाचे तुकडे करून किंवा उंटाच्या रक्तात १९९३ साली आढळलेल्या, हलकी साखळी नसलेल्या प्रतिपिंडांपासून मिळणारे छोटे अंश वापरून ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते. पण ते अंश मूत्रपिंडात साचतात.

पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची कथा तर आवर्जून सांगण्यासारखी आहे. पीएसएमए हे लक्ष्य प्रतिपिंडाच्या साहाय्यानेच सापडले. त्यावर आधारलेले प्रोस्टास्किंट १९९६ साली मान्य झाले, परंतु ते प्रतिपिंड त्या प्रथिनाच्या पेशीच्या आतील टोकास चिकटणारे होते. म्हणजे ज्या पेशीचे आवरण फाटले आहे तीच त्यास नीट दिसे. पुढे त्याच लक्ष्याच्या बाहेरील बाजूस बसणारे लहान रेणू आले, गॅलियम-६८ व फ्ल्युओरिन-१८ यांच्याशी जोडले गेले, आणि तासाभरात स्पष्ट चित्र देऊ लागले. आज आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांत होणारे पीएसएमए-चित्रण ते हेच. प्रतिपिंडाने वाट दाखविली आणि ते स्वतः बाजूस झाले. २००२ साली मुंबईत परळच्या किरणोपचार वैद्यक केंद्रात देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पॉझिट्रॉन-चित्रण सुरू झाले. तेथपासून आजवर आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात जे प्रबंध लिहिले आहेत त्यांत नव्या लक्ष्याचा शोध आणि नव्या वाहकाचा शोध हे दोन प्रश्न वेगळे ठेवले असते, तर अनेकांचा पुष्कळ वेळ वाचला असता.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. स्वप्रतिपिंडे आणि प्रतिमांकन ही दोन्ही साधने एकत्र जोडून, खऱ्या लोकसमूहात, यदृच्छ वाटणीने केलेली मोठी परीक्षा स्कॉटलंडमध्ये झाली. ईसीएलएस या नावाने ती २०२० साली प्रसिद्ध झाली. ५० ते ७५ वयाच्या, फुप्फुसकर्करोगाचा धोका अधिक असलेल्या १२,२०८ व्यक्ती तीत होत्या. निम्म्यांच्या रक्तात सात प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे तपासली, आणि ज्यांत ती आढळली त्यांचे क्ष-किरण चित्रण व दोन वर्षांपर्यंत छेदचित्रण केले. तपासणी-गटात दोन वर्षांत ५६ कर्करोग सापडले, त्यांपैकी ३३ पुढच्या, म्हणजे तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेतील. नियंत्रण-गटात ७१, त्यांपैकी ५२ पुढच्या अवस्थेतील. उशिरा निदान होणाऱ्यांची संख्या घटली, हे निःसंशय आहे. मृत्युसंख्येतील फरक मात्र त्या मुदतीत संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. परीक्षा प्रामाणिकपणे योजलेली व प्रामाणिकपणे सांगितलेली आहे. तिचा जो अर्थ सर्वत्र लावला जातो त्याबद्दल आमचा मतभेद आहे.

चाचणीने ५६ पैकी १८ जणांस आधी दाखविले, ३८ सुटले. म्हणजे एकूण संवेदनक्षमता ३२ टक्के. परंतु अवस्थेनुसार पाहता आरंभीच्या अवस्थेतील २३ पैकी १२, म्हणजे ५२ टक्के, आणि पुढच्या अवस्थेतील ३३ पैकी अवघे सहा, म्हणजे १८ टक्के. यावरून स्वप्रतिपिंडे लहान अर्बुदास अधिक चांगली ओळखतात, असे उत्साहाने म्हटले जाते. अर्बुद वाढल्यावर प्रतिकारशक्ती दबते, म्हणून असे होते, अशी उपपत्तीही दिली जाते. आमच्या मते या आकड्यांना इतकी दूरची उपपत्ती लागत नाही. ज्यांची चाचणी होकारार्थी आली त्यांचेच छेदचित्रण झाले. त्यामुळे त्यांच्यातील लहान अर्बुदे सापडली. ज्यांची नकारार्थी आली त्यांच्या छातीत कोणी डोकावलेच नाही. त्यांच्यातील लहान अर्बुदे तशीच राहिली आणि दोन वर्षांत लक्षणे दिसली ती केवळ मोठ्यांची. ज्या खोलीत दिवा लावला तेथे वस्तू सापडल्या, म्हणून वस्तू त्याच खोलीत अधिक होत्या असे अनुमान काढण्यापैकीच हे आहे. संवेदनक्षमतेची ही अवस्थानिहाय आकडेवारी चाचणीचा गुण मोजत नाही. पडताळणी कोणाची झाली आणि कोणाची झाली नाही, हे मोजते.

दुसरा प्रश्न याहून सरळ आहे. होकारार्थी चाचणीचे ५९८ जण होते. नियंत्रण-गटातील प्रमाण, म्हणजे ६,१२० मध्ये ७१, हे लावून पाहिले तर नुसत्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ५९८ जणांत सुमारे सात कर्करोग अपेक्षित होते. सापडले अठरा. हा अडीच पट फरक प्रतिपिंडांमुळे किती आणि नियमित छेदचित्रणाने पुढील वर्षांतले अर्बुद आधीच उघडे पाडल्यामुळे किती? केवळ छेदचित्रणाने फुप्फुसकर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील ५३,००० हून अधिक धूम्रपानग्रस्तांच्या परीक्षेने २०११ सालीच दाखविले होते. तेव्हा स्कॉटलंडच्या परीक्षेत तिसरा गट हवा होता : तितक्याच व्यक्ती, पण प्रतिपिंडांऐवजी वय आणि धूम्रपान यांवरून निवडलेल्या. तो नसल्यामुळे श्रेय रक्तचाचणीचे की यंत्राचे, याचा निर्णय होत नाही.

हीच रीत आपल्याकडे जशीच्या तशी आणू पाहणाऱ्यांस आणखी दोन अडचणी येतील. स्वप्रतिपिंडांची मर्यादारेषा आपल्याकडील निरोगी रक्तजलांवरून आखलेली नाही. क्षय, हिवताप, कुष्ठरोग अशा दीर्घकालीन संसर्गांत अनेकविध स्वप्रतिपिंडे वाढतात; अशा संसर्गांचा इतिहास असलेल्या समाजात ती रेषा कोठे पडेल हे येथेच मोजावे लागेल. आणि पडताळणीसाठी छेदचित्रण करावे, तर जुन्या क्षयाच्या गाठी व ओतशाळेत राबलेल्या कामगारांच्या फुप्फुसातील सिलिकेच्या खुणा यांनी ते चित्र भरलेले असण्याचा संभव आहे. दोन्ही साधने एकाच कारणाने एकाच वेळी चुकतील. एकाने दुसऱ्याची चूक सुधारावी ही संयुक्त तपासणीची मूळ अट आहे, आणि नेमकी तीच येथे ढळते.

गणितही ध्यानात घ्यावे. दहा हजार कामगारांत एखादा कर्करोग दहा जणांस आहे असे गृहीत धरू. चाचणीची संवेदनक्षमता ८० टक्के आणि विशिष्टता ९५ टक्के, म्हणजे बरीच चांगली, असे मानू. दहांपैकी आठ सापडतील; आणि निरोगी ९,९९० पैकी सुमारे ५०० जणांस रोग असल्याची शंका सांगितली जाईल. कारखान्यातील कामगार सामान्यतः तरुण. प्रत्यक्षात दहाचा आकडा याहून लहानच असावयाचा. उलट रुग्णालयात आलेल्या शंभर रुग्णांची शंभर निरोगी रक्तदात्यांशी तुलना केली तर हीच चाचणी नेत्रदीपक दिसते. आपल्या नियतकालिकांत प्रसिद्ध होणारे बहुसंख्य निबंध या दुसऱ्या प्रकारचे असतात. आमच्याच विभागातील काही निबंध त्यास अपवाद नाहीत. प्रस्तुत लेखकाचा एक जुना निबंधही नाही.

याच्या शेजारी महाराष्ट्रात झालेली कामे ठेवून पाहावीत. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांवर केलेल्या परीक्षेत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य सिरकाम्ल लावून केवळ डोळ्यांनी गर्भाशयमुखाची पाहणी केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या परीक्षेत विषाणूची एकच चाचणी मृत्यूंची संख्या सुमारे निम्म्यावर आणणारी ठरली. मुंबईच्याच परीक्षेत हाताने केलेल्या स्तनतपासणीने मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती सिद्ध मानण्याइतकी नव्हती, आणि संशोधकांनी ते २०२१ साली तसेच लिहिले. या परीक्षांतील नियंत्रण-गटांस तपासणी न देण्यावरून नैतिक वाद झाला, तो रास्तच होता. परंतु यांतील प्रत्येक परीक्षेने शेवटी मोजला तो मृत्यू. रक्तातील एखाद्या रेणूचे प्रमाण नव्हे. तंबाखूचे वा मद्याचे व्यसन असलेल्यांच्या तोंडाची नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी मृत्यू एकतृतीयांशाने कमी करते, हे केरळमधील परीक्षेने २००५ साली दाखविले आहे. चाकणच्या त्या कामगाराच्या अहवालात नऊ पानांचे रक्तविश्लेषण होते. तोंड उघडून पाहिल्याची नोंद नव्हती.

यावरून प्रतिपिंडांचे संशोधन सोडून द्यावे असे कोणी समजू नये. करण्याजोगे काम भरपूर आहे. फक्त ते निराळ्या क्रमाने करावे लागेल. निदानानंतर घेतलेल्या रक्तजलांची तुलना थांबवून, निदानापूर्वी घेतलेली व गोठवून ठेवलेली रक्तजले हवीत, आणि ती पुढे कर्करोग-नोंदणीशी जुळवून पाहावयास हवीत. बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण नोंदणी चालू आहे, मुंबई व पुण्याच्या नोंदण्या आहेत. ज्यांची दरवर्षी तपासणी होते असा पिंपरी-चिंचवड ते चाकण हा कामगारवर्ग अशा रक्तजलसंग्रहास वरकरणी फार सोयीचा वाटतो. पण कंत्राटी कामगार आज तळवड्यास तर दोन वर्षांनी रांजणगावास, आणि पाच वर्षांनी आपल्या गावी बिहार वा मराठवाड्यात. कर्करोग उद्भवावयाचा तो तेथे, आणि त्याची नोंद आपल्या हाती यावयाची नाही. ज्यांची नोंद टिकते ते कायम नोकरीतील, तुलनेने सुस्थितीतील कामगार. त्यांच्यावरून आखलेली मर्यादारेषा उरलेल्यांस लावता येणार नाही. तेव्हा पहिला प्रबंध प्रतिपिंडांवर नव्हे, तर या स्थलांतरित कामगारांचा दहा वर्षे मागोवा कसा ठेवता येईल यावर लिहिला जावा, आणि त्यासाठी जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्र व समाजशास्त्र या विभागांची पायरी चढावी, अशी आमची सूचना आहे. संग्रहासाठी रक्त देणाऱ्या प्रत्येकास त्याचे काय होणार हे मराठीत, आणि आवश्यक तेथे हिंदीत, आधी लेखी सांगितले पाहिजे. सीईएच्या शेजारी धूम्रपानाविषयीची ती एक ओळ तर उद्याच्या अहवालापासूनच छापता येईल.